पाहुणा आणि पाणी

दारी आलेल्या माणसाला पहिल्याने काय द्यावे, याविषयी आमच्या मराठवाड्यात दुमत नाही. तांब्याभर पाणी द्यावे आणि घरात असेल तर सोबत गुळाचा खडा द्यावा. ओळखपाळख, कामधाम, जेवणखाण हे सारे त्यानंतर. ज्या मुलखात पाऊसच बेभरवशाचा, तेथे स्वागत पाण्याने व्हावे, याची परक्याला मौज वाटेल. पण त्यात एक जुने शहाणपण आहे. जे आपल्यापाशी थोडे आहे तेच आधी पुढे करायचे.

पाणी पिऊन पाहुणा तांब्या खाली ठेवतो आणि खरा प्रश्न तेथून सुरू होतो. आता पुढे काय? पाहुण्याचे स्वागत चांगले झाले, असे केव्हा म्हणावे? त्याला पुष्कळ दिले म्हणजे? की घेताना त्याला काही जड वाटले नाही म्हणजे? या दोन गोष्टी एकच आहेत, असे मी पुष्कळ वर्षे धरून चाललो होतो. त्या एक नाहीत, हे मला २०१६ सालच्या उन्हाळ्यात कळले, आणि ते कळायला माझी मावशी माझ्या घरातून निघून जावी लागली.

या मावशीचे घर पैठणला. आमच्या गावात पुढच्या शिक्षणाची सोय नव्हती, म्हणून चौदाव्या वर्षी वडिलांनी मला तिच्याकडे नेऊन सोडले. मला तो संध्याकाळचा प्रसंग अजून लख्ख आठवतो. वडील परतीच्या एस्.टी.ला गेले होते. मी पत्र्याची पेटी पायाशी ठेवून ओसरीत उभा होतो. आता मावशी जवळ घेईल, डोक्यावरून हात फिरवील, असे मला वाटत होते. मावशीने गूळपाणी दिले आणि मी तांब्या खाली ठेवतो न ठेवतो तोच म्हणाली, “झालं पिऊन? मग ती कळशी घे आन् हापश्यावरून तेवढी भरून आण. अंधार पडला की तिथं गर्दी होती.”

मी गेलो. पण मनात फार लागले. आल्याआल्या आपल्याला कामाला लावले. गरिबाचे पोर म्हणून लावले. स्वतःच्या मुलाला लावले असते का? असे काय काय मनात आले आणि त्या रात्री उशी भिजली. वास्तविक तिचा मुलगा माझ्या मागोमागच दुसरी कळशी घेऊन हापश्यावर आला होता. ते मी डोळ्यांनी पाहिले होते. पण दुखावलेल्या माणसाला सोयीचे तेवढेच दिसते.

त्यानंतरच्या दिवाळीत दुसऱ्या एका नातेवाइकांकडे चार दिवस जाण्याचा योग आला. तेथे मला कशालाही हात लावू देत नसत. चहा हातात, पाट मांडलेला, पाण्याचा पेला भरलेला. वाढताना घरची माणसे पुन्हापुन्हा म्हणत, “लाजू नकोस हं, आपलंच घर समज.” आणि मी लाजत होतो! तिसरी पोळी हवी असूनही मागवत नव्हती. रात्री तहान लागली, तर माठ कोठे आहे हे माहीत असून उठण्याचा धीर होईना. काळोखात आपण कुणाच्या तरी घरात हिंडतो आहोत, असे वाटले. मी तसाच पहाटेपर्यंत तळमळत पडून राहिलो, आणि त्या क्षणी मला पैठणचा रांजण आठवला. त्या रांजणातले पाणी मी मध्यरात्री उठून, कुणाला न विचारता, घटाघटा पीत असे. का पिऊ शकत होतो? कारण त्यात मी ओतलेल्या कळश्या होत्या.

पण मुलांच्या लक्षात आलेले मोठेपणी टिकतेच असे नाही. पुढे मी या शहरात शाळामास्तर झालो, संसार थाटला, चार पुस्तके लिहिली, आणि आपल्या घरी आलेल्याला काही कमी पडू नये, याचा मला अभिमान वाटू लागला. “जेवूनच जा” हे शब्द माझ्या तोंडून इतक्या सहजपणे निघत की, ऐकणाऱ्याला मी मोठा दिलदार गृहस्थ वाटे. ते जेवण कोण रांधते, त्यासाठी किती वाजता उठते आणि नंतर भांडी कोण घासते, हा हिशेब त्या दिलदारीत धरलेला नसे. बाहेर बसून अगत्य करणारा मी, आणि आत उभी राहून ते अगत्य निभावणारी माझी पत्नी. आपल्याकडच्या पुष्कळ घरांतली ही वाटणी आहे. नाव एकाचे होते, कंबर दुसरीची दुखते.

२०१६चा तो उन्हाळा मराठवाडा विसरणार नाही. लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले, ते याच वर्षी, एप्रिलमध्ये. आमच्या शहराला पाणी येते ते पैठणच्या जायकवाडी धरणातून, पन्नासएक किलोमीटरवरून. त्याच्या जलाशयाला एकनाथमहाराजांवरून नाथसागर म्हणतात. त्या साली नाथसागराचाच तळ दिसू लागलेला. आमच्या भागात नळ चारपाच दिवसांनी एकदा येई. तो आला की मध्यरात्र असो की पहाट, सगळी आळी जागी होई, आणि पातेली, बादल्या, पिंपे, एवढेच काय, चहाच्या किटल्यासुद्धा भरून ठेवल्या जात.

अशा दिवसांत मावशी आणि काका आले. काकांना छातीचे दुखणे होते आणि येथल्या सरकारी दवाखान्यात तपासण्या करायच्या होत्या. ज्या घराने मला दोन वर्षे जेवू घातले, ते घर माझ्या दारात आले होते. या दोन वर्षांचे उसने आता व्याजासकट फेडू, असे मी मनाशी ठरवले. आमची खोली, आमचा पलंग, आमचा कूलर त्यांना दिला. आम्ही गच्चीवर झोपलो. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होतीच. पहिल्या दिवशी श्रीखंड-पुरी झाली, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी. बाजारातून पिण्याच्या पाण्याचे मोठे जार विकत आणले. दर घटकेला मी विचारत होतो, “मावशी, काही हवं का? काका, उकडत नाही ना?”

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर मावशी आपले ताट उचलून मोरीकडे निघाली. मी ते तिच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतले आणि म्हणालो, “राहू दे मावशी, तू पाहुणी आहेस.”

मावशी काही बोलली नाही. संध्याकाळी शेजाऱ्यांकडे दोन बादल्या पाणी उसने मागत असताना माझा आवाज तिच्या कानांवर गेला असावा. तिसऱ्या दिवशी काकांना दवाखान्यात दाखल करून घेतले. तेव्हा ती म्हणाली, “माझी बहीण लागती एक इथं, छावणीकडं. तिच्याकडं राहते मी. तिथनं दवाखाना जवळ पडतो.” मी थोडा आग्रह केला. खरे सांगतो, फार केला नाही. आपल्याकडची जुनी म्हण पाहुण्याला दोनच दिवसांची मुदत देते. तिसऱ्या दिवशी जो राहतो त्याची अक्कल गेली, असे ती म्हणते. मावशीची अक्कल शाबूत होती आणि माझ्या मनाच्या एका कोपऱ्यात सुटकेचा निःश्वास होता.

चार दिवसांनी माझी पत्नी डबा घेऊन सकाळी जरा लवकर दवाखान्यात गेली, तेव्हा मावशी व्हरांड्यात, लोखंडी बाकाखाली, गाठोडे उशाला घेऊन झोपलेली तिला दिसली. छावणीत बहीणबिहीण कुणी नव्हती.

पत्नी घरी येऊन हे सांगत होती तेव्हा मी पहिल्याने रागावलो. आपले घर दहा मिनिटांवर असताना ही बाई धुळीत झोपते, लोक काय म्हणतील? मग राग ओसरला आणि लाज वाटू लागली. मी माझ्याकडून काय कमी केले होते? काहीच नाही. किंबहुना माझ्या ऐपतीपेक्षा मी जास्तच केले होते. आणि त्या जास्तीनेच तिला व्हरांड्यात नेऊन निजवले होते.

पाहुणचार करताना माझ्या मनात एक फेड चालू होती, हे मला तेव्हा स्वच्छ दिसले. मी तिला देत नव्हतो. मी स्वतःला मोकळे करून घेत होतो. ऋण फेडणाऱ्याला घाई असते. ज्याला तो फेडतो त्याच्या तोंडाकडे पाहण्याची त्याला फुरसत नसते. आणि पाहुण्याला तर सारे दिसते. यजमानाला वाटते की आपण ओढाताण लपवली. पण स्वयंपाकघरातले दबलेले बोलणे, रिकाम्या बादलीचा आवाज, पोरांच्या वाटीतले कमी झालेले श्रीखंड, हे लपत नाही. ते लपवण्याची आपली धडपडसुद्धा पाहुण्याला दिसते, आणि तोही मग आपल्याला काही दिसले नाही असे दाखवतो. एका घरात दोन्ही बाजूंनी नाटक सुरू होते. असे नाटक दोन दिवस निभते. तिसऱ्या दिवशी पात्रे थकतात. त्या म्हणीचे मर्म हेच असेल. पाहुण्याचा कंटाळा दोघांनाही तिसऱ्या दिवशी येत नाही, नाटकाचा येतो.

आपल्या धर्मग्रंथांनी पाहुण्याला देव मानायला सांगितले आहे. कठोपनिषदात तर प्रत्यक्ष यमाच्या घरी नचिकेता तीन रात्री उपाशी राहिला, म्हणून यमाने त्याला तीन वर दिले. मृत्यूलासुद्धा पाहुणा उपाशी राहिल्याची भीती वाटली! पाश्चात्य विचारवंतांपैकी कांटने १७९५ साली जगातल्या शांततेविषयी लिहिताना परक्या माणसाच्या एका हक्काचा उल्लेख केला आहे: दुसऱ्याच्या भूमीवर पाऊल ठेवणाऱ्याला केवळ त्या कारणाने शत्रूसारखे वागवता येणार नाही. हा हक्क थोर आहे. आजच्या जगात तर त्याची फार गरज आहे. पण उपनिषदातला देव काय आणि कांटचा परका काय, दोघांनाही आपण उंबऱ्याच्या आत घेतो ते आदराने, आणि आदरात अंतर असते. देवाला कुणी भाजी निवडायला देत नाही. मावशीला मी देव केले आणि त्यामुळेच घराबाहेर केले.

आमच्या पैठणच्या नाथांची मात्र एक कथा निराळी आहे. ती मावशीनेच मला लहानपणी रांजणापाशी बसून सांगितली होती. नाथांच्या घरी श्रीखंड्या नावाचा एक पोरगा कामाला राहिला. बारा वर्षे त्याने गोदावरीचे पाणी कावडीने वाहिले, चंदन उगाळले, पडेल ते काम केले. तो प्रत्यक्ष श्रीकृष्ण होता, हे नाथांना कळले तेव्हा तो निघून गेलेला होता. नाथांच्या वाड्यातला तो रांजण आजही दाखवतात आणि नाथषष्ठीच्या सुमारास लोक भक्तीने त्यात पाणी ओततात. ही कथा मी शेकडो वेळा ऐकली. पण तिच्यातली एक गोष्ट दवाखान्याच्या त्या व्हरांड्याने मला शिकवली. देवाला त्या घरात राहायचे होते. पाहुणा म्हणून आला असता तर तिसऱ्या दिवशी निघावे लागले असते. म्हणून तो पाणक्या म्हणून आला आणि बारा वर्षे राहिला.

याच नाथांच्या घरी श्राद्धाचा स्वयंपाक झाला असता, त्याचा वास रस्त्याने जाणाऱ्या, त्या काळी अस्पृश्य मानलेल्या कुटुंबाला आला, आणि ते अन्न त्यांनाच वाढण्यात आले, ही कथाही सर्वांना ठाऊक आहे. नाथांच्या धैर्याचे आपण कौतुक करतो, ते करावेच. पण ब्राह्मणांसाठी त्याच दिवशी दुसऱ्यांदा सारा स्वयंपाक रांधणाऱ्या गिरिजाबाईंकडे आपले लक्ष किती जाते? त्यांच्या हातांवाचून नाथांचे औदार्य शब्दांतच राहिले असते.

ज्यांनी हा प्रश्न ओळखला, त्यांची एक खूण आमच्या शहरात उभी आहे. पाणचक्की पाहायला दरवर्षी हजारो लोक येतात. बाबा शाह मुसाफिर या बुखाऱ्याकडून आलेल्या सूफी साधूचा हा दर्गा. मुसाफिर म्हणजे वाटसरू. येणाऱ्याजाणाऱ्याला आसरा देणाऱ्या जागेला वाटसरूचेच नाव असावे, हेही अर्थपूर्ण आहे. तेथे फकीर आणि यात्रेकरू यांची सतत रीघ. इतक्या माणसांचे पीठ दळायचे म्हणजे पहाटे उठून कुणाच्या तरी हातांना घट्टे पडणार. तेथे डोंगराकडून जमिनीखालच्या नळांनी पाणी आणले, ते उंचावरून सोडले आणि जाते पाण्याकडून फिरवून घेतले. सहलीला आलेल्या मुलांना मी त्या यंत्राची कृती समजावून सांगत असे. आता मी त्यांना आणखी एक गोष्ट सांगतो: अन्नदान करणाऱ्याने दळणाऱ्याचा विचार केल्याची ही जागा आहे.

यावर कुणी म्हणेल, “मास्तर, म्हणजे येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती कळशी द्यायची की काय? हा पाहुणचार की वेठबिगारी?” आक्षेप खरा आहे. आजारी, दमलेला, दुःखाने आलेला किंवा अगदी अनोळखी माणूस असेल, तर त्याला कसलीही अट न घालता द्यावे, आणि त्याच्याकडून काही घेण्याचा विचारही करू नये. पहिला तांब्या सर्वांचा आहे. मावशीनेही मला आधी गूळपाणी दिले होते, मग कळशी दिली. हा क्रम उलटला तर तो खरोखरच स्वार्थ होईल. आणि कळशी देणाऱ्याच्या स्वतःच्या घरातले हात रिकामे असतील, तर तर ती लबाडीच ठरेल. मावशीच्या घरात मी एकटा पाणी भरत नव्हतो. सगळे भरत होते. मला फक्त त्या ‘सगळ्यां’त घेतले गेले.

मोकळेपणा म्हणतात तो हाच असावा. घरात आहे ते सांगावे, नाही तेही सांगावे. “आज वरणभातच आहे, बसा” हे वाक्य ज्याला उच्चारता येते, त्याच्या घरी पुन्हा जावेसे वाटते. कारण आपल्यामुळे त्या घराची घडी विस्कटली नाही, याची आपल्याला खात्री असते. पाहुण्याच्या मनावरचा मिंधेपणाचा भार उतरवणे, हे त्याच्या खांद्यावरची पिशवी उतरवण्याइतकेच यजमानाचे काम आहे. आज तर कुणी तिथी न ठरवता येतच नाही. ‘येऊ का?’ असे मोबाइलवर विचारल्यावाचून सख्खा भाऊ भावाकडे जात नाही, आणि गेला तरी जेवण बाहेरून मागवले जाते. त्यात गैर काही नाही; घरातल्या बाईला तेवढाच विसावा. पण आलेला माणूस जेवून उठतो तेव्हा त्या घराशी त्याचा धागा जुळलेला असतो का, एवढे पाहायला हवे.

त्या दिवशी मी दवाखान्यात जाऊन मावशीची क्षमा मागणार होतो. पत्नीने मला अडवले. म्हणाली, “तुम्ही जाऊन रडाल, आणि तुमची समजूत काढण्याचं काम पुन्हा त्यांनाच.” ती स्वतः गेली. तेथे तिने व्हरांड्याचा विषयच काढला नाही. एवढेच म्हणाली, “मावशी, उद्या पहाटे नळ येणार आहे. ह्यांना पाण्याचं काही कळत नाही. मला एकटीला होत नाही भरणं. तुम्ही आलात तर बरं होईल.”

मावशीने तिच्याकडे क्षणभर पाहिले आणि गाठोडे उचलले.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनला मला कुणीतरी हलवून जागे केले. मावशी पदर खोचून उभी होती. “ऊठ की. नळ आला. त्या बादल्या गच्चीवर कोण नेईल, मी?” मी उठलो. तासभर आम्ही तिघे पाणी भरत होतो. शेवटची बादली ठेवल्यावर मावशी पायरीवर टेकली, आणि त्या दिवशीचा विषय तिने स्वतःच काढला. “पाहुणी म्हणालास ना मला? मग पाहुण्यावाणी निघून गेले.” हे म्हणताना ती हसत होती. मला हसू आले नाही.

त्यानंतर काका दवाखान्यात होते तोवर, जवळजवळ तीन आठवडे, ती आमच्याकडे राहिली. एकदाही पुरणपोळी झाली नाही. ती भाकरी करी, पत्नी भाजी करी, आणि भांडी घासण्याचे काम, घरातल्या दोन्ही बायकांच्या एकमताने, माझ्याकडे आले. ते अजून माझ्याकडेच आहे.

काका पुढे दोन वर्षांनी गेले. मावशी पैठणला असते. गुडघे धरले आहेत, कळशी आता उचलवत नाही. भाऊबीज झाली की चार दिवस येते म्हणून तिने कळवले आहे. “लसूण सोलायचा ठेवा,” असेही तिने सांगितले आहे. पत्नीने एक परडीभर बाजूला काढून ठेवला आहे.